फाइल हिस्टरी: ‘चालू आहे’ म्हणते, पण फाइल जाते का?

विंडोजबरोबर फुकट मिळणारी ‘फाइल हिस्टरी’ ही बॅकअपची सोय २०१२ साली विंडोज ८ मध्ये आली. विंडोज ११ मध्येही ती आहे, फक्त अडगळीत टाकल्यासारखी. एक्स्टर्नल डिस्क जोडा, कंट्रोल पॅनेलमधून ‘टर्न ऑन’ दाबा आणि विसरून जा, असा तिचा एकूण थाट. पहिल्या दोन गोष्टींत काही वावगं नाही. तिसरी नडते. फाइल हिस्टरी बंद पडते तेव्हा फारसा आवाज करत नाही, आणि अर्धवट चालते तेव्हा तर अजिबातच करत नाही. मुख्य पानावर फायली शेवटच्या कधी कॉपी झाल्या ती तारीख आणि वेळ दिसते. ती ताजी असली की माणूस निर्धास्त होतो. पण तिचा अर्थ एवढाच, की कॉपीची एक फेरी पूर्ण झाली. त्या फेरीत कोणत्या फायली सुटल्या हे तिथे कुठेच लिहिलेलं नसतं.

म्हणून या साधनाची पारख ते किती छान चालतं यापेक्षा ते कसं फसतं आणि फसलेलं कळतं कसं, यावर करायला हवी.

आधी जमेची बाजू. मूळ सेटिंगप्रमाणे दर तासाला बदललेल्या फायलींची नवी प्रत डिस्कवर जाते. हा अवधी दहा मिनिटांपासून दिवसातून एकदा इथपर्यंत बदलता येतो. बदल शोधण्यासाठी ती सगळी डिस्क चाळत बसत नाही. एनटीएफएस ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याची पद्धत, झालेल्या बदलांची नोंदवही ठेवते, ती वाचून काम होतं, त्यामुळे कॉम्प्युटर धापा टाकत नाही. (याच कारणाने मूळ फायली एक्सफॅट किंवा फॅट३२ पद्धतीच्या पार्टिशनवर, म्हणजे डिस्कच्या भागावर, असतील तर त्या घेतल्या जात नाहीत. दुसऱ्या पार्टिशनवर फोटो ठेवणाऱ्यांनी ते कशाने फॉरमॅट केलंय हे एकदा बघावं.)

दुसरी आणि मोठी जमेची बाजू म्हणजे बॅकअप साध्या फायलींच्या रूपात असतो. कुठलंही कुलूपबंद पेटारं नाही. डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, ‘फाइलहिस्टरी’ फोल्डर उघडा, त्यात यूजरचं नाव, मग कॉम्प्युटरचं नाव, मग ‘डेटा’, मग ‘सी’, आणि पुढे मूळ फोल्डरांची रचना जशीच्या तशी. फाइलच्या नावापुढे कंसात तारीख आणि वेळ चिकटलेली असते. ही वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, असते, म्हणून आपल्या घड्याळाशी जुळली नाही तर दचकू नये. विंडोज पार कोलमडलं, फाइल हिस्टरीचा प्रोग्रॅम उघडेना, तरी फायली हाताने उचलता येतात. पैसे मोजून घेतलेले कित्येक बॅकअप प्रोग्रॅम हे सुख देत नाहीत.

आता फसण्याकडे.

लॉग कुठे दडलाय

कंट्रोल पॅनेलमध्ये फाइल हिस्टरी उघडा, डावीकडे ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज’वर जा. पानाच्या तळाला इव्हेंट लॉग उघडण्याची एक लिंक आहे. ती थेट इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये फाइल हिस्टरीच्या बॅकअप लॉगवर नेते. घरगुती वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ही लिंक कधी दाबलेली नसते, आणि खरी कथा सगळी तिथेच असते. कोणती फाइल घेता आली नाही, का आली नाही, तिचा पूर्ण पत्ता (ड्राइव्हपासून फाइलच्या नावापर्यंत), सगळं. ही माहिती मुख्य पानावर ‘१४ फायली सुटल्या’ इतक्या एका ओळीत देणं मायक्रोसॉफ्टला इतक्या वर्षांत जमू नये, हा या साधनावरचा आमचा सर्वांत मोठा आक्षेप.

लॉगमध्ये दोन प्रकारची वाक्यं वरचेवर दिसतात. एक, फेरी करताना किंवा पूर्ण करताना ‘अनयूज्वल कंडिशन’ आली, असं गोलमोल वाक्य. याने घाबरून जाऊ नये. ते एखाददुसरं असेल तर सोडून द्यावं, दर तासाला येत असेल तर कॉन्फिगरेशन बिघडलेलं असण्याची शक्यता धरावी. त्याचा इलाज पुढे आहे. दुसरं वाक्य जास्त कामाचं: फाइलचा पूर्ण पत्ता ‘मॅक्स पाथ’ मर्यादेपेक्षा लांब असल्याने किंवा त्यात न चालणारी चिन्हं असल्याने ती घेतली नाही.

पत्त्याची लांबी: गणित करून बघा

या दुसऱ्या वाक्यात बरंच पाणी मुरतं. विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची जुनी मर्यादा २६० चिन्हांची, शेवटचं अदृश्य चिन्ह वगळता वापरायला २५९. मूळ जागी फाइल या मर्यादेत बसते, म्हणून ती व्यवस्थित उघडते, कुणाला शंकाही येत नाही. पण बॅकअप डिस्कवर तिचा पत्ता लांबतो.

किती लांबतो? मूळ पत्त्याच्या सुरुवातीला ड्राइव्हची तीन चिन्हं असतात. त्यांच्या जागी बॅकअप ड्राइव्हची तीन, ‘फाइलहिस्टरी’ची तिरक्या रेषेसह १२, चार अक्षरी यूजरनावाची ५, विंडोजने स्वतः ठेवलेल्या १५ अक्षरी कॉम्प्युटरनावाची १६, ‘डेटा’ची ५ आणि ‘सी’ची २ येतात. झाली ४३. म्हणजे ४० ची वाढ. मग नावापुढची तारीख-वेळ-यूटीसीची शेपटी, अलीकडची मोकळी जागा आणि कंस धरून, २६. एकूण ६६. म्हणजे मूळ पत्ता १९३ चिन्हांपलीकडे गेला, की फाइल मूळ जागी सुखरूप आणि बॅकअपमधून गायब.

मराठीत नावं ठेवणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहावं. मोजणी डोळ्यांना दिसणाऱ्या अक्षरांची होत नाही. वेलांटी, उकार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘शिष्यवृत्ती’ हा शब्द वाचताना चार अक्षरांचा, पण विंडोजच्या हिशेबी ११ चिन्हांचा. ‘शिष्यवृत्तीसंबंधी कागदपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती’ असल्या ऐसपैस नावाचे चार फोल्डर एकात एक ठेवले, की मर्यादा कधी ओलांडली हे कळतही नाही. वेबपानं ‘सेव्ह’ केलेले फोल्डर आणि झिप फाइल उघडताना तयार होणारी एकाच नावाची दुहेरी फोल्डरं हीही नेहमीची ठिकाणं.

इलाज सरळ आहे. लॉगमधून अशा फायलींचे पत्ते काढा आणि वरच्या पातळीवरच्या फोल्डरचं नाव छोटं करा. वरचं एक नाव ३० चिन्हांनी कमी केलं की आतल्या शेकडो फायली एकदम मर्यादेत बसतात. फक्त एक लक्षात ठेवा: फोल्डरचं नाव बदललं की फाइल हिस्टरीच्या दृष्टीने तो नवा फोल्डर, आतलं सगळं पुन्हा कॉपी होणार. तो फोल्डर ८० जीबीचा असेल तर डिस्कवर आधी तेवढी जागा मोकळी आहे का बघा.

जे मुळात घेतलंच जात नाही

बॅकअप फसला अशी बोंब पुष्कळदा होते ती न फसलेल्या बॅकअपबद्दल. फाइल हिस्टरी फक्त लायब्ररी (डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे फोल्डरांचे गट), डेस्कटॉप, कॉन्टॅक्ट्स आणि फेव्हरिट्स एवढंच घेते. विंडोज १० मध्ये ‘सेटिंग्ज’मधून हवा तो फोल्डर जोडता यायचा. विंडोज ११ मध्ये ते पान काढून टाकलं आणि उरलं फक्त कंट्रोल पॅनेल, जिथे फोल्डर वगळता येतो, पण जोडता येत नाही! जोडायचा असेल तर वळसा घ्यावा लागतो: फोल्डरवर राइट-क्लिक, ‘शो मोअर ऑप्शन्स’, ‘इन्क्लूड इन लायब्ररी’, आणि तिथे नवी लायब्ररी तयार करायची. डाउनलोड्स फोल्डर याच मार्गाने आत आणावा लागतो. हा प्रकार चीड आणणारा आहे, दुसरा शब्द नाही.

‘ॲपडेटा’ या लपलेल्या फोल्डरमधलं काहीही येत नाही. म्हणजे थंडरबर्डचा सगळा मेल आणि ब्राउझरची प्रोफाइलं बाहेर. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल डॉक्युमेंट्समध्ये असली, तरी प्रोग्रॅम दिवसभर उघडा ठेवणाऱ्यांकडे ती अडकलेली असते आणि फेरी तिला वगळून पुढे जाते. रात्री आउटलुक बंद करून ‘रन नाऊ’ दाबलं की जाते. विंडोजच्या ईएफएस पद्धतीने एन्क्रिप्ट केलेल्या फायलीही वगळल्या जातात.

वनड्राइव्ह या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीचं प्रकरण वेगळं. विंडोज बसवताना एखाद्या ‘होय’वर बोट पडलं, की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स आणि डेस्कटॉप वनड्राइव्हच्या फोल्डरात हलतात. तिथल्या ज्या फायलींवर नुसता ढग दिसतो त्या डिस्कवर नसतातच, आणि फाइल हिस्टरी फक्त डिस्कवर असलेल्याच घेते. फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवडा. भरीव हिरव्या गोलात पांढरी खूण दिसली की फाइल खरोखर खाली उतरली.

‘रिकनेक्ट युवर ड्राइव्ह’

डिस्क समोर जोडलेली, एक्सप्लोररमध्ये दिसतेय, आणि फाइल हिस्टरी म्हणते ड्राइव्ह पुन्हा जोडा. इथे लगेच सॉफ्टवेअरला दोष देऊ नये. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘विंडोज लॉग्ज’खालचा ‘सिस्टीम’ लॉग उघडा आणि ‘डिस्क’ या सोर्सच्या नोंदी गाळून बघा. क्रमांक १५७ म्हणजे डिस्क न सांगता निघाली. हे केबलचं, वीजपुरवठ्याचं किंवा हबचं (एका यूएसबी पोर्टचे अनेक करणाऱ्या डबीचं) दुखणं. क्रमांक ७ म्हणजे बॅड ब्लॉक, खुद्द डिस्कचं दुखणं. दोन्हींचे इलाज अगदी उलटे, म्हणून हे आधी बघायचं.

१५७ वारंवार दिसत असेल तर डिस्क हबमधून काढून थेट कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ पोर्टला लावा. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. अडीच इंची फिरती डिस्क सुरू होताना झटक्यात जास्त वीज ओढते, आणि वेगळा अडॅप्टर नसलेल्या हबवर चार वस्तू लटकवल्या असतील तर तिथेच ती मान टाकते. मग दुसरी, छोटी केबल लावून बघा. तरी थांबेना तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या पॉवर मॅनेजमेंट टॅबवरची, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करू देणारी खूण काढा.

क्रमांक ७ दिसला तर काहीही दुरुस्त करायच्या फंदात पडू नका. चेकडिस्कचं पूर्ण सेक्टर-तपासणीचं फर्मान मरू घातलेल्या डिस्कला तासन् तास राबवतं. त्या डिस्कवर जुन्या आवृत्त्या असतील आणि त्या हव्या असतील, तर आधी त्या दुसरीकडे उचला. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या प्रोग्रॅममध्ये ‘स्मार्ट’, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या, नोंदींपैकी ५, १९७ आणि १९८ बघा (प्रोग्रॅम हे क्रमांक हेक्समध्ये दाखवत असेल तर ०५, सी५ आणि सी६). १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचे राहिलेले सेक्टर. हा आकडा शून्यावरून वर सरकला की ती डिस्क बॅकअपच्या कामातून काढली असं समजा.

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-एन्क्रिप्शन) लावलेल्या एक्स्टर्नल डिस्कची एक गंमत: ती कुलूपबंद असेल तर फाइल हिस्टरीच्या लेखी जोडलेलीच नाही. त्या कॉम्प्युटरपुरतं ‘ऑटो-अनलॉक’ चालू केलं की प्रश्न मिटतो.

जागा संपते, तीही लवकर

आवृत्त्या किती काळ ठेवायच्या याचं मूळ सेटिंग ‘फॉरेव्हर’ आहे. डिस्क भरली की नव्या प्रती थांबतात. त्यातून, एखाद्या फाइलमध्ये एक ओळ बदलली तरी पूर्ण फाइल नव्याने कॉपी होते, फक्त बदललेला भाग नाही. दोन जीबीची व्हिडिओ प्रकल्पाची फाइल दिवसभरात आठ तास बदलत राहिली तर त्या एका फाइलने १६ जीबी खाल्ले. व्हर्च्युअल मशीनच्या फायली तर सरळ ‘एक्सक्लूड फोल्डर्स’मध्ये टाका.

‘फॉरेव्हर’ बदलून ‘अंटिल स्पेस इज नीडेड’ करा. जागा लागेल तशा सर्वांत जुन्या आवृत्त्या जातील. भरलेली डिस्क लगेच मोकळी करायची असेल तर ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमधलं ‘क्लीन अप व्हर्जन्स’ वापरा. तिथे एक महिन्यापासून दोन वर्षांपर्यंतचे आणि ‘शेवटची सोडून सगळ्या’ असे पर्याय मिळतात. एक्सप्लोररमधून हाताने फायली उडवू नका. प्रोग्रॅमचा स्वतःचा कॅटलॉग त्यांना शोधत राहतो.

पाटी कोरी करण्याचा इलाज

डिस्क ठणठणीत, जागा आहे, पत्ते छोटे, तरी दर तासाला तीच ‘अनयूज्वल कंडिशन’. तेव्हा कॉन्फिगरेशन नव्याने बसवणं हाच मार्ग, आणि तो बहुतेकदा चालतो. क्रम मात्र चुकवू नका. आधी कंट्रोल पॅनेलमधून फाइल हिस्टरी ‘टर्न ऑफ’ करा. मग बॅकअप डिस्कवरच्या ‘फाइलहिस्टरी’ फोल्डरचं नाव बदला, पुढे ‘जुना’ लावलं तरी पुरे. यामुळे जुन्या आवृत्त्या शाबूत राहतात. नंतर एक्सप्लोररमध्ये ‘हिडन आयटम्स’ दाखवायला सांगा आणि आपल्या यूजर फोल्डरात ‘ॲपडेटा’, ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’ असं उतरत ‘फाइलहिस्टरी’ फोल्डरपर्यंत जा. त्याच्या आतलं सगळं उडवा. उडत नसेल तर ‘सर्व्हिसेस’मध्ये ‘फाइल हिस्टरी सर्व्हिस’ थांबवा आणि पुन्हा प्रयत्न करा. आता ड्राइव्ह पुन्हा निवडा, ‘टर्न ऑन’ करा, ‘रन नाऊ’ दाबा. वगळलेल्या फोल्डरांची यादी आणि अवधीचं सेटिंग पुसलं गेलेलं असतं, ते परत भरा.

पहिली फेरी पूर्ण कॉपीची असते. डिस्कवर जुना आणि नवा असे दोन्ही संच मावले पाहिजेत. त्या फेरीत लॅपटॉप झोपू देऊ नका.

जोडीला रोबोकॉपी

‘ॲपडेटा’तला मेल किंवा लांब पत्त्यांच्या फायली यासाठी विंडोजमधलीच रोबोकॉपी ही टाइप करून चालवायची कॉपीची कमांड वापरावी. लांब पत्ते तिला अडत नाहीत. तिचे दोष मात्र ठाऊक असू द्या. अडलेल्या फाइलसाठी ती मूळ सेटिंगप्रमाणे दहा लाख वेळा प्रयत्न करते, दर वेळी ३० सेकंद थांबून. म्हणजे एका फाइलपायी ३४७ दिवस. ‘आर’ (किती प्रयत्न) आणि ‘डब्ल्यू’ (किती सेकंद थांबायचं) या दोन स्विचना अनुक्रमे २ आणि ५ देऊन टाका. जंक्शन, म्हणजे दुसऱ्या फोल्डरकडे वळवणारे फोल्डर, वगळणारा ‘एक्सजे’ लावला नाही तर ‘ॲपडेटा’त ती गोल गोल फिरत राहू शकते. लॉगसाठी साधा ‘लॉग’ नको, ‘युनिलॉग’ घ्या, नाहीतर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसेल. आरसा करणारा ‘एमआयआर’ मूळ जागी पुसलेलं बॅकअपमधूनही पुसतो. त्यामुळे चुकून डिलीट झालेल्या फाइलपासून तो वाचवत नाही, ते काम फाइल हिस्टरीचंच.

रोबोकॉपी ठरल्या वेळी आपोआप चालावी म्हणून टास्क शेड्यूलरमध्ये लावल्यावर शेवटचा निकाल शून्याऐवजी १ दिसला तर ते अपयश नव्हे. १ म्हणजे फायली कॉपी झाल्या. ८ किंवा त्यावरचा आकडा आला तर लॉग उघडा. त्यात एरर ५ म्हणजे परवानगी नाही, ३२ म्हणजे फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवली आहे, ११२ म्हणजे जागा संपली. आणि टास्क मुळात सुरूच होत नसेल तर ‘कंडिशन्स’ टॅब बघा: चार्जर लावला असेल तरच चालव, ही खूण तिथे आधीपासून टेकवलेली असते.

मग वापरावी का?

कागदपत्रं, फोटो, मुलांचे प्रकल्प अशा रोज थोड्या थोड्या बदलणाऱ्या फायलींसाठी जरूर वापरावी. कालची आवृत्ती परत आणण्याचं काम ती दोन क्लिकमध्ये करते. पूर्ण सिस्टीमची प्रतिमा, प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज हे तिच्याकडून मागू नका. एकाच बॅकअपवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठीही ती पुरेशी नाही. कायम जोडलेली डिस्क फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या रॅन्समवेअरच्याही हातात कायम असते, आणि दोन डिस्क आलटून पालटून वापरणं हिला नीट जमत नाही. दर वेळी ‘सिलेक्ट ड्राइव्ह’मधून जावं लागतं. दुसऱ्या डिस्कवर महिन्यातून एकदा रोबोकॉपीने प्रत काढून ती कपाटात ठेवणं जास्त सोपं.

आणि महिन्यातून एकदाच, लॉग वाचून झाल्यावर, तीन फायली परत आणून बघा: एक वर्षभर न बदललेली, एक कालच बदललेली आणि एक सर्वांत खोल फोल्डरातली. ‘रिस्टोअर पर्सनल फाइल्स’मध्ये फाइलवर राइट-क्लिक करून ‘रिस्टोअर टू’ निवडा. खालचं गोल बटण दाबू नका, ते फाइल मूळ जागी आणून ठेवतं. डेस्कटॉपवरच्या रिकाम्या फोल्डरात उतरवा आणि तिन्ही उघडून शेवटच्या पानापर्यंत जा. साइज जुळली एवढ्यावर सोडू नका. तिसरी फाइल यादीतच सापडली नाही, तर तिच्या पत्त्यातली चिन्हं मोजायला घ्या.